मोडलेलं मनगट, मोडलेली मांडी: वाळवंटी रॅलीतल्या दुखापतींची पार्श्वभूमी

2019 ची डकार रॅली जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन रायडरच्या मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं होतं. शर्यतीच्या काही आठवडे आधी सरावात ते गेलं होतं. या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे ते जुळायला महिनेही लागतात. बाइकचं हँडल दिवसभर आवळून धरायचं, वाळूतला प्रत्येक हिसका मनगटावर झेलायचा, आणि हे दहा टप्पे करायचं, अशी त्या जानेवारीतली पेरूमधली शर्यत होती. तो जिंकला, आणि ‘वेदनेवर मात’ अशा मथळ्यांनी बातम्या आल्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण या माणसाची चिकाटी त्या दहा दिवसांत शोधली तर तिचा मोठा भाग हातातून निसटतो.

2013 मध्ये अमेरिकेतल्या एका वाळवंटी शर्यतीत त्याच्या मानेचे मणके मोडले होते. 2015 मध्ये तो पहिल्यांदा डकारला उतरला आणि थेट तिसरा आला. 2016 मध्ये जिंकला, असा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. 2017 मध्ये विजेता म्हणून आला, तर चौथ्या टप्प्यात बोलिव्हियात पडला आणि मांडीचं हाड मोडलं. वर्षभराने, 2018 ला, तो पुन्हा तिसरा. मनगटाची गोष्ट या सगळ्यानंतरची आहे.

2019 ला दुसरा आलेला ऑस्ट्रियन रायडर 9 मिनिटं 12 सेकंदांनी मागे राहिला. 2016 च्या डकारमध्ये त्याचीही मांडी मोडली होती. 2017 मध्ये तो दुसरा आला, 2018 मध्ये जिंकला. म्हणजे 2019 ला पहिल्या दोन जागांवर असलेले दोघेही आदल्या तीन वर्षांत याच शर्यतीतून मांडी मोडून हेलिकॉप्टरने बाहेर गेले होते. मला हे मनगटापेक्षा जास्त बोलकं वाटतं. फीमर, म्हणजे मांडीचं हाड, हे शरीरातलं सर्वांत मजबूत हाड. ते मोडलं की बहुतेकदा आत रॉड घालावा लागतो, मग कुबड्या, मग वाळून गेलेला मांडीचा स्नायू पुन्हा उभा करणं. रॅलीचा रायडर खडबडीत वाटेवर सीटवर बसत नाही, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहतो. बाइकचं सस्पेन्शन जिथे संपतं तिथून पुढचं काम त्याच्या मांड्या करतात. त्या परत तयार करण्याचे महिने कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाहीत.

मनगटाचा विजयही नीट पाहायला हवा, कारण तो निव्वळ दात-ओठ खाऊन मिळवलेला नव्हता. त्या वर्षी विजेत्याने एकच टप्पा जिंकला, तोही शेवटचा. टप्पा जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी निघावं लागतं. पुढे कोणाच्याही चाकाची खूण नसते, दिशा त्यालाच शोधावी लागते, आणि मागचे त्याच्या खुणेवरून वेळ कापत येतात. रोज थोडं मागे राहणं हा शहाणपणाचा डाव होता, आणि दुखऱ्या हातालाही तो झेपणारा होता. आठव्या टप्प्यात आघाडीवरच्या अमेरिकन रायडरचं इंजिन बसलं. शेवटच्या सकाळी चिलीचा प्रतिस्पर्धी अवघ्या 1 मिनिट 2 सेकंदांनी मागे होता. तो पडला, पायाला लागलं, तरी उठून त्याने टप्पा पूर्ण केला आणि चौथा आला. त्या दिवशी लिमाला पोहोचलेल्यांत दुखणं घेऊन चालवणारा विजेता एकटा नव्हता.

या शर्यतीत अशा गोष्टी पहिल्यापासून आहेत. 1978 च्या डिसेंबरअखेर पॅरिसहून पहिली रॅली निघाली, आणि त्याच रॅलीत एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला होता. 1987 मध्ये आघाडीवरचा फ्रेंच रायडर शेवटून दुसऱ्या टप्प्यात आदळला, दोन्ही घोटे मोडले, तरी बाइकवरच टप्प्याच्या शेवटापर्यंत आला आणि तिथे रडत शर्यत सोडली. ती दृश्यं आजही दाखवली जातात. पुढे त्याने हीच शर्यत कारमधून जिंकली आणि नंतर काही वर्षं तिचं संचालनही केलं. 2008 ची रॅली सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली, 2009 पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि 2020 पासून सौदी अरेबियात आहे.

आता ज्या निर्णयावर सर्वांत जास्त वाद होतो त्याकडे. बाइकवाल्यांसाठी पूर्वी नियम साधा होता: एक टप्पा चुकला की शर्यत संपली. 2020 पासून ही वाट थोडी उघडली. वैद्यकीय पथकाने परवानगी दिली आणि बाइक ठीक असली, तर बाहेर पडलेला स्पर्धक पुढच्या दिवशी परत निघू शकतो. मुख्य क्रमवारीत मात्र त्याला जागा नाही. रायडर याला सरळ ‘जोकर’ म्हणतात.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. एखादा हौशी रायडर वर्षानुवर्षं पैसे साठवतो, फुटलेल्या बरगडीसह सगळे टप्पे पूर्ण करतो, आणि एक दिवस विश्रांती घेतलेला दुसरा त्याच्याच शेजारी शेवटच्या कमानीखालून जातो. क्रमवारी वेगळी असली तरी फोटो सारखाच दिसतो. पूर्ण करणं या गोष्टीला या शर्यतीत जिंकण्याच्या खालोखाल मान आहे. बहुतेकजण त्यासाठीच येतात. तो मान पातळ होतो, ही तक्रार मला समजते.

पण जुन्या नियमाने रायडरला काय शिकवलं, तेही बघायला हवं. आज थांबलो तर सगळं गेलं, हे माहीत असलेला माणूस डॉक्टरपुढे दुखणं लपवतो. डोक्याला मार लागून गरगरत असेल तरी ‘ठीक आहे’ म्हणतो. मनगटाचं हाड मोडलेलं असताना चालवणं हा स्वतःच्या शरीराशी केलेला सौदा आहे, आणि प्रौढ माणसाला तो करता येतो. डोक्याला लागलेल्याचं तसं नाही. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा त्यालाच इजा झालेली असते. शिवाय तो ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगात एकटाच रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणांची पट्टी, वाचत असतो, शेजारी सांगायला कोणी नसतं. अशा माणसाला ‘आज थांब, उद्या बघू’ असं म्हणण्याची सोय डॉक्टरला हवीच होती. जोकरने ती दिली. माझ्या मते पूर्ण करण्याचा मान थोडा पातळ होणं ही त्याची योग्य किंमत आहे. अव्वल रायडरना मात्र या सोयीचा फारसा उपयोग नाही. त्यांना क्रमवारीच हवी असते, त्यामुळे दुखणं लपवण्याचा मोह तिथे तसाच उरतो.

सुरक्षेचे बाकी नियम कमी वादाचे ठरले. 2011 पासून सर्व बाइकना 450 सीसीची मर्यादा आली. त्याआधी एका मोठ्या कंपनीने विरोध म्हणून अधिकृत संघ मागे घेतला होता. 2021 पासून एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं झालं. त्यामागे 2020 चा जानेवारी होता. सातव्या टप्प्यात एक अनुभवी पोर्तुगीज रायडर पडला आणि त्याचा मृत्यू झाला. मागून येणारा ऑस्ट्रेलियन, 2019 चा तोच विजेता, शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला होता. याच पोर्तुगीज रायडरने 2016 मध्ये मांडी मोडलेल्या ऑस्ट्रियन रायडरसाठी आपली बाइक थांबवली होती. जखमीपाशी थांबलेल्याचा गेलेला वेळ नंतर परत दिला जातो. हा नियम नसता तरी हे दोघे थांबले असते, याबद्दल मला शंका नाही.

भारतीय रायडरचा अध्याय लहान आहे आणि तोही दुखापतींनी भरलेला. 2015 मध्ये बंगळुरूच्या रायडरने डकार पूर्ण केली, अशी करणारा तो पहिला भारतीय. तो 36 वा आला. त्याआधी 2013 मध्ये अबू धाबीच्या वाळवंटी शर्यतीत तो भाजला होता. 2021 च्या चौथ्या टप्प्यात पडून त्याच्या डोक्याला गंभीर मार लागला आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्धीत ठेवावं लागलं. केरळच्या दुसऱ्या रायडरला 2023 च्या डकारमध्ये सुरुवातीलाच पडून मणक्याला फ्रॅक्चर झालं. पुढच्याच वर्षी तो एकूण क्रमवारीत 11 वा आला आणि रॅली 2 या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला. एखाद्या गटात भारतीय पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. 2025 ला सुरुवातीच्या छोट्या फेरीतच त्याचं मनगट मोडलं.

2025 ची डकार दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियनने पहिल्या दिवसापासून आघाडीवर राहून जिंकली. 2022 मध्ये तो टप्प्यात नाही, टप्प्याकडे जाणाऱ्या साध्या रस्त्यावर पडला होता आणि कोपर मोडून घरी गेला होता. 2024 च्या शर्यतीला तो मोडलेली मांडी पुरती सावरण्याआधीच उतरला, आणि त्या वर्षी आठवा आला.