वादळ ओडिशाला, पूर पंचगंगेला

२०२० चं निसर्ग असो की २०२१ चं तौक्ते, चक्रीवादळाचा मार कोकणाने खाल्ला. कोल्हापूर सह्याद्रीच्या आडोशाला. त्यामुळे समुद्रातल्या हवामानाकडे आपण फारसं लक्ष देत नाही, आणि तिथेच फसतो. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशाकडून आत सरकला की अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा घाटमाथा झोडपून काढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच झालं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटातून वेगाने उतरतात. प्रयाग चिखलीला त्या एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि तिथून पुढे मात्र तिला जवळजवळ उतारच नाही. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते; तिथे कृष्णा आधीच दुथडी भरलेली असली, तर पंचगंगेला फुग येते, म्हणजे पाणी पुढे न सरकता मागे तुंबतं. म्हणून शहरात ऊन पडलेलं असतानाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इंचाइंचाने चढत राहतं. त्यात भोगावतीवरचं राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी.

बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पहिलं बिऱ्हाड हलतं ते शहरातल्या सखल सुतारवाड्यातलं. १९८९ आणि २००५ चे पूर जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहेत, पण २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. शाहूपुरी, व्हिनस कॉर्नर पाण्यात. उपसा केंद्रं बुडाल्याने चहूकडे पाणी असूनही नळ कोरडे, टँकरपुढे घागरींच्या रांगा. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की दूध, पेट्रोल, गॅस सगळंच अडतं.

दोष कुणाचा, यावर कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव हमखास येतं. २०१९ च्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. मला ते पटतं. शहरातल्या जयंती नाल्याकाठी आणि पूररेषेच्या आत आपणच भराव टाकून इमारती चढवल्या. शिरोलीचा महामार्गही भरावावरूनच जातो आणि पसरलेलं पाणी अडवून धरतो. तो भराव काढून तिथे खांबांवरचा पूल बांधा, ही पूरग्रस्तांची मागणी त्यातूनच आली आहे.