काटा निघाला, तरी गाठ का येते?

मराठवाड्यात बाभळीचा किंवा बोरीचा काटा कधीच मोडला नाही असा पाय क्वचितच सापडेल. सुईनं काटा काढला की माणूस तो विसरतो. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी टणक गाठ हाताला लागते. ‘काटा आत राहिला, तोच वाढतोय’ असं घरचे म्हणतात. काटा वाढत नाही. वाढते ती आपलीच कातडी, आणि ती कशी वाढते हे मला फार विलक्षण वाटतं.

बाह्यत्वचेच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या, तळाशी पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी वर सरकताना केराटिन या प्रथिनानं भरतात, मरतात आणि झडून जातात. हा प्रवास साधारण ४ आठवड्यांचा. काटा घुसताना कधी कधी या पेशींचा एखादा कण खाली अंतस्त्वचेत, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, ढकलला जातो. काटा निघतो, कण राहतो आणि जगतो. त्याच्या पेशी वाढून बंद पिशवी तयार होते. या पिशवीत विभागणाऱ्या पेशी बाहेरच्या अंगाला आणि झडणारा थर आत, पोकळीकडे. त्यामुळे अंगावरून गळून जायचं ते केराटिन तिथंच साचत राहतं. गाठीतून निघणारा पांढरा, उग्र वासाचा लगदा म्हणजे हेच केराटिन. ती चरबी नव्हे.

पाठीवर, मानेवर अशा गाठी बहुधा केसाच्या मुळाच्या तोंडाशी होतात. तळहात-तळपायाला केसच नसतात, म्हणून तिथं डॉक्टर जुन्या जखमेची चौकशी करतात. टोचलेल्या कानाच्या पाळीतही अशी गाठ येते.

तळपायातली गाठ कुरूप समजून बिब्बा लावतात, डाग देतात. कृपा करून हे करू नका. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, पिशवी मात्र तशीच राहते. मधुमेह्याला तर ती जखम फार महागात पडते.

सोनोग्राफीत पिशवी दिसते, राहिलेला काटाही बहुधा दिसतो. एक्स-रेत लाकडी काटा सहसा दिसत नाही. जागा बधिर करून पिशवी भिंतीसकट काढावी लागते. नुसती पिळली तर भिंतीतल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. गाठ लाल होऊन ठणकत असेल तर आधी सूज उतरवतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगा.

बाळाच्या नाकावर मध्यरेषेत जन्मापासून असलेली गाठ मात्र वेगळी. तिचं मूळ कवटीच्या आत पोचलेलं असू शकतं, म्हणून एमआरआय होईपर्यंत तिला सुईसुद्धा टोचू देऊ नये.