रांगतं बाळ, ओलं फडकं आणि साधा साबण

बाळ रांगायला लागलं की घरात लादी पुसण्याच्या फेऱ्या वाढतात. फिनाईलचा वास आला की घर निर्जंतुक झाल्यासारखं वाटतं. जमिनीभर पसरलेली खेळणी आणि सोफ्याखालचा केर दिसला की जीव टांगणीला लागतो. हे काम आणि ही टोचणी, दोन्ही बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येतात, आणि हा अन्याय आहे. शिवाय मूल आजारी पडण्याचा संबंध घर किती आवरलेलं दिसतं याच्याशी फारसा नसतोच. बाळाच्या शीमधले, कच्च्या मांसातले, वाहत्या नाकातले जंतू कोणत्या वाटेने तोंडापर्यंत पोचतात, यावर ते ठरतं. ती वाट बहुतेक वेळा हातांवरून जाते.

याचा भक्कम पुरावा कराचीतून आला. तिथल्या दाट, गरीब वस्त्यांमध्ये स्टीफन लूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही घरांना साबण पुरवला. हात केव्हा आणि कसे धुवायचे, हे कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जाऊन समजावत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली निष्कर्ष आले. साबण न मिळालेल्या घरांच्या तुलनेत या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी होता, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाब ५३ टक्क्यांनी. औषध नवं नव्हतं, वस्तीही तीच होती. काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना जंतुनाशक. दोन्हींचा फायदा सारखाच निघाला.

यात नवल नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे त्वचेवरचा तेलकट थर सुटतो आणि त्यात अडकलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. जुलाबाच्या काही विषाणूंना तेलकट आवरण नसतं, त्यामुळे साबण त्यांना फोडू शकत नाही, पण नीट चोळून धुतल्यावर तेही निघून जातात. जंतू मेले नाहीत तरी चालतं, हातावरून गेले की पुरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक रसायनं हात-अंग धुण्याच्या साबणांतून बाद केली. साध्या साबणापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

म्हणून दिवसभर सगळं घर पुसत बसण्यापेक्षा मोजके क्षण पकडावेत. बाळाची शी धुतल्यावर, त्याला भरवण्याआधी, मासळी किंवा चिकन साफ केल्यावर. बाळाचे हातही धुवायचे, कारण चमच्यापेक्षा ते स्वतःच्या बोटांनीच जास्त खातं.

घरातली सर्वांत संशयास्पद वस्तू जमिनीवर नसतेच. ती ओट्यावर असते: सदा ओलसर, कुबट वासाचं फडकं. जिवाणूंना वाढायला ओल आणि अन्नाचे कण लागतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्याच फडक्याने आपण ओटा पुसतो, आणि मग बाळाची वाटीही. फडकी रोज बदलावीत, गरम पाण्यात धुवावीत, उन्हात कडक वाळवावीत. भांड्यांच्या घासणीचंही तसंच. कोरड्या फरशीवर जिवाणू सहसा वाढत नाहीत. पण खाली पडलेला घास लगेच उचलला म्हणून सुरक्षित, असंही नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात २०१६ साली तपासलेल्या पदार्थांत कलिंगडाला जिवाणू सर्वाधिक चिकटले, आणि काही वेळा एका सेकंदाच्याही आत. ओला घास टाकून द्यावा.

आता दुसरी बाजू. ‘थोडी माती लागली की मूल घट्ट होतं’ या समजुतीला शास्त्राचा आधार आहे, पण तो काळजीपूर्वक समजून घ्यायला हवा. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्या ब्रिटिश मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी, हे डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली दाखवलं. लहानपणीचे संसर्ग ॲलर्जीपासून वाचवत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे २००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी त्यात मोलाची दुरुस्ती सुचवली. आपल्याला गरज रोगजंतूंची नाही, तर माती, जनावरं आणि माणसांबरोबर हजारो वर्षं राहत आलेल्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची आहे. रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याकडून संयम शिकते.

अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आमिश आणि हटराइट यांची वंशपरंपरा आणि आहार बराच सारखा. आमिश मुलं घराजवळच्या गोठ्यात, घोड्या-गाईंमध्ये वाढतात. हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक आणि घरापासून लांब. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१. आमिश घरांतली धूळ नाकात घातलेल्या उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून संरक्षण मिळालं, हटराइट घरांतल्या धुळीने मिळालं नाही.

पण हे वाचून मुलाला कोणत्याही मातीत सोडू नये. गोठ्याजवळची ती धूळ वेगळी, आणि कुत्र्यांची विष्ठा किंवा गटाराचं पाणी मिसळलेली आपल्या गल्लीतली माती वेगळी. अशा मातीत जंतांची अंडी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणूनच आपल्याकडे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात. ती चुकवू नका. बागेत, शेतात, झाडाखाली मुलाला मनसोक्त खेळू द्या, आणि जेवायच्या आधी हात धुवा. दोन्हींत विरोध नाही.

उंबऱ्याबाहेर चपला काढायची आपली सवय फार चांगली आहे, कारण रस्त्यावरची बरीच घाण तिथेच थांबते. जुन्या इमारतींत आणखी एक काळजी घ्यावी. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचे पोपडे आणि धूळ यांत शिसं असू शकतं. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित मात्रा नाही. अशा घरात कोरडा झाडू मारला की बारीक धूळ हवेत उडते, म्हणून खिडकीच्या चौकटी आणि कोपरे ओल्या फडक्याने पुसावेत. खेळण्यांचा पसारा मात्र निवांत राहू दे. त्याने कुणी आजारी पडत नाही. फक्त आजी-आजोबांच्या येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

ज्याची खरी भीती बाळगायला हवी, ते आपण स्वच्छतेसाठीच घरात आणतो. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये मोठ्या माणसालाही तो गुदमरवतो. ही दोन एकत्र कधीही वापरू नयेत. कपाटातल्या डांबर गोळ्या मुलाला चॉकलेटसारख्या दिसतात. त्यातलं नॅफ्थलीन तांबड्या रक्तपेशी फोडू शकतं, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या मुलांना धोका सर्वांत जास्त. सुटं मिळणारं फिनाईल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं तर आजच बंद करा. मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव ओळखत नाही. तरीही मुलाने असं काही प्यायलंच, तर उलटी करवू नका: वर येताना ॲसिड अन्ननलिकेला पुन्हा जाळतं आणि फिनाईल फुप्फुसात जाऊ शकतं. ती बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.