स्थानिक फाइलींचे गतिमान नकाशाथर

आपल्याच संगणकावरची फाइल नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिचा थर नकाशावर चढवण्याची पद्धत. बोलताना सगळे ‘लेयर’च म्हणतात. लेयर म्हणजे फाइलीची नक्कल नव्हे. फाइल जागच्या जागी राहते. सॉफ्टवेअरच्या प्रकल्प-फाइलीत साठतो तो तिचा पत्ता आणि रंग-रेघांचे नियम. नकाशा सरकवला की सॉफ्टवेअर दिसणाऱ्या चौकटीपुरती माहिती पुन्हा वाचून नव्याने रेखाटते, म्हणून थर गतिमान. फाइलीचे फोल्डर हलवले की लेयर उघडत नाही, तेही याच कारणाने.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढून नकाशावर टाकली तरी काम होते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) तक्त्यासाठी मात्र कोणता रकाना रेखांशाचा (एक्स) आणि कोणता अक्षांशाचा (वाय) हे सांगावे लागते. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळे इथे हमखास गफलत होते. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटे पडले, तर पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते!

एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीची शेपफाइल, म्हणजे नकाशावरचे आकार साठवणारी फाइल, नावाला एक, पण प्रत्यक्षात निदान तीन फाइलींची जुडी असते: एसएचपीत आकार, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणी, डीबीएफमध्ये तक्ता. नुसती एसएचपी ईमेलने पाठवणारे अजून भेटतात. चौथी पीआरजे. तीत निर्देशांक-प्रणाली, म्हणजे आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते ठरवणारी पद्धत, लिहिलेली असते. ती नसेल तर सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागतो किंवा तुम्हाला विचारावे लागते. महाराष्ट्रात हे विशेष जाचते, कारण ७८ अंश पूर्व रेखांशावर यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजणाऱ्या निर्देशांक-प्रणालीचा) पट्टा बदलतो: पुणे ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. प्रणाली नीट नोंदवलेली असेल, तर दोन्ही पट्ट्यांतले थर रेखाटतानाच जुळवले जातात.

डीबीएफमध्ये रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या लिपी-संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. ‘तालुका’ला काना-उकारांसकट १८ लागतात. म्हणून रकान्यांची नावे रोमन लिपीत आखूड करून लिहिण्याची पाळी येते. आतल्या मराठी मजकुराची लिपी-संकेतप्रणाली चुकीची निवडली, तर गावांच्या नावांऐवजी नुसता कचरा दिसतो. २०१४ मध्ये मानक झालेल्या जिओपॅकेज या फाइल-प्रकारात सगळे एकाच फाइलीत मावते आणि ही कटकट उरत नाही. नवे काम त्यातच करावे.

एस्रीच्या लोकल सर्व्हरची रीत वेगळी. तो त्याच संगणकावर चालणारा छोटा नकाशा-सर्व्हर. फाइलींचे फोल्डर आधी ‘डायनॅमिक वर्कस्पेस’ म्हणून ओळखनाव देऊन नोंदवायचे, मग सेवा सुरू करायची. पुढे त्या ओळखनावाने आणि फाइलीच्या नावाने थर मागवता येतो.