काल बोलत होता, आज बेशुद्ध: मेंदूला सूज येते तेव्हा

"काल तर आमच्याशी बोलला, चहा प्यायला, आज एकदम असा कसा?" मिरजेत आयसीयूबाहेर हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. कोणी हेल्मेटशिवाय गाडीवरून पडलेला असतो, कोणाला पक्षाघाताचा झटका आलेला. मग 'इंजेक्शनच चुकलं' अशी कुजबुज सुरू होते. अनेकदा कारण निराळंच असतं. मेंदूला सूज आलेली असते, आणि ही सूज सावकाश वाढते.

तासगावचा बेदाणा रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी टम्म फुगतो. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच: विरघळलेले पदार्थ जिथे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. मेंदूच्या पेशीही कायम खारट द्रवातच असतात आणि त्यांच्या आत प्रथिनं ठासून भरलेली असतात. मग त्या रोजच का फुगत नाहीत? कारण पेशीच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप अहोरात्र चालू असतो. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप दाखवून दिला. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला त्यांचा अर्धा वाटा त्यासाठीच. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे वीस टक्के. त्यातला मोठा वाटा या पंपांचा.

रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत एटीपी संपतं आणि पंप थांबतात. बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट असतं. ते आत घुसतं, विद्युतभार जुळवायला क्लोराइड मागोमाग येतं, आणि त्यांच्यामागे पाणी. प्रथिनं मात्र पटलाबाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे आत विरघळलेले पदार्थ वाढतच जातात. आधी फुगतात त्या तारकापेशी, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पेशी. रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या त्यांच्या टोकांवर ॲक्वापोरिन-४ नावाच्या पाण्याच्या वाटा दाटीने असतात. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांच्या मेंदूला पक्षाघातानंतर सूज कमी आली.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पुढचा भाग. या टप्प्यावर मेंदूचं एकूण आकारमान फारसं वाढलेलंच नसतं! पेशींच्या फटींतलं पाणी पेशींत गेलं, एवढंच. पण त्याबरोबर फटींतलं सोडियमही घटलं. ती तूट भरायला रक्तातून सोडियम आणि पाणी मेंदूत शिरू लागतं. पुढे केशवाहिन्यांची भिंतच गळू लागते. मोठ्या पक्षाघातात ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वाधिक होते. म्हणून तर डॉक्टर 'बहात्तर तास काही सांगता येत नाही' म्हणतात.

सुजलेला घोटा बाहेर फुगतो. कवटी हाडाची, तिथे जागाच नाही. दाब वाढला की रक्त आत येणं अवघड होतं, आणखी पेशी उपाशी पडतात, आणखी सूज येते. अशा वेळी कांदा हुंगवणं, उतारा टाकणं यात जाणारा प्रत्येक तास पेशींच्या जिवावरचा असतो. 'मेंदूची सूज उतरवणारा काढा' विकणाऱ्यांनाही बळी पडू नका.

दवाखान्यात मॅनिटॉल नावाचं औषध किंवा तीव्र मिठाचं सलाईन देतात, म्हणजे रक्तच जास्त गाढ करून पाणी उलट ओढतात. तेही पुरलं नाही तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून देतात. तो तुकडा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली किंवा डीप फ्रीजरमध्ये जपतात आणि सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, परत बसवतात.