पक्क्या सांध्याने फोडलेली तावदाने

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या कोप्ली चौकात १९७३ साली उभे राहून कोणी वर पाहिले असते, तर काचेने मढवलेल्या एका नव्याकोऱ्या साठ मजली इमारतीवर जागोजागी प्लायवूडचे तक्ते ठोकलेले दिसले असते. जॉन हॅन्कॉक या विमा कंपनीसाठी बांधलेला २४१ मीटर उंचीचा हा मनोरा; पण बॉस्टनकर त्याला थट्टेने ‘प्लायवूडचा राजवाडा’ म्हणू लागले होते. वारा ताशी ७२ किलोमीटरच्या वर गेला की पोलीस भोवतालचे रस्ते बंद करीत, आणि त्याला कारणही तसेच होते: इमारतीला १०,३४४ तावदाने होती आणि त्यांतले प्रत्येक सुमारे सव्वा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच आणि सव्वादोनशे किलो वजनाचे होते.

आय. एम. पेई यांच्या संस्थेतील हेन्री कॉब या वास्तुकाराने केलेली ही रचना दिसायला अत्यंत साधी आहे. शेजारी १८७७ साली पूर्ण झालेले दगडी ट्रिनिटी चर्च असल्यामुळे एवढी अवाढव्य इमारत चौकाच्या अंगावर येऊ नये, म्हणून कॉब यांनी तिचा तळ आयताऐवजी समांतरभुज चौकोनाचा घेतला, तिची चिंचोळी बाजू चौकाकडे वळवली आणि सर्वांगाला आरशासारखी काच लावून तीत चर्चचे प्रतिबिंब पडेल असे पाहिले. जमिनीने मात्र १९६८ साली काम सुरू झाल्यावर लवकरच त्रास दिला. बॅक बे हा भाग (मुंबईच्या बॅकबेप्रमाणेच) भराव घालून केलेला आहे. पायासाठी खोल खड्डा खणताच त्याच्या कडेच्या पोलादी आधारभिंती आत झुकल्या, आजूबाजूची माती सरकली आणि ज्या चर्चचा मान राखण्यासाठी एवढा खटाटोप केला होता, त्याच्याच भिंतींना तडे गेले. त्या भरपाईचा दावा १९८७ पर्यंत चालला.

तावदाने मोठ्या प्रमाणावर निखळली ती २० जानेवारी १९७३ च्या वादळी रात्री. इमारत वाऱ्यात हलते म्हणून काचा फुटतात, असा तर्क साहजिकच होता. तो चुकीचा निघाला. प्रत्येक तावदान दुहेरी होते: दोन काचा, मध्ये हवेची पोकळी आणि कडेने धातूची पट्टी. ही पट्टी काचेला शिशाचा डाख देऊन जोडली होती. काच उन्हाने प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते, वाऱ्याच्या दाबाने किंचित वाकते. अशा वेळी सांध्याने थोडे तरी सैल व्हावे लागते. हा डाख इतका घट्ट होता की तो जराही ढळला नाही, आणि सगळा ताण काचेवर गेला. दिवसामागून दिवस तोच ताण पुन्हा पुन्हा बसल्याने कडेला बारीक चिरा पडल्या, त्या वाढल्या आणि अखेर काच फुटली. तपासलेल्या तुकड्यांवर डाखाने काचेची कपचीच ओढून काढलेली दिसत होती. म्हणजे सांधा सुटला नव्हता, काच सुटली होती. अखेर सर्वच्या सर्व तावदाने काढून त्यांजागी उष्णताप्रक्रिया केलेली एकेरी, जाड काच बसवण्यात आली.

इमारत हलत होती, हेही खरेच. वरच्या मजल्यांवर माणसांना मळमळेल इतकी ती झुलत होती आणि झुलताना पिळवटतही होती. विल्यम लेमेझुरिए या अभियंत्याने त्यावर केलेला उपाय मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. ५८ व्या मजल्याच्या दोन टोकांना शिसे भरलेल्या पोलादी पेट्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीचे वजन ३०० टन. तेलाचा पातळ थर असलेल्या पोलादी पत्र्यावर त्या बसतात आणि स्प्रिंगांनी व दाबरोधकांनी इमारतीला जोडलेल्या आहेत. वाऱ्याने इमारत सरकली की जडत्वामुळे पेटी मागे राहते, जणू तिच्या पायाखालचा मजलाच सरकतो. मग ताणलेली स्प्रिंग इमारतीला मागे ओढते आणि दाबरोधक त्या हालचालीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवतात. झोपाळा पुढे येत असताना त्याला उलट रेटा दिला की तो मंदावतो, तसेच हे आहे. फक्त रेटा अचूक वेळी पडावा म्हणून पेटीचा हेलकावा इमारतीच्या हेलकाव्याशी जुळवून घ्यावा लागतो. दोन्ही पेट्या विरुद्ध दिशांना सरकल्या की पीळही आवरला जातो.

खरे संकट मात्र कोणालाच दिसत नव्हते. ब्रुनो थ्युर्लिमान या स्विस अभियंत्याने गणित मांडून दाखवले की विशिष्ट वाऱ्यात ही इमारत कोसळू शकते, आणि तीही रुंद अंगावर नव्हे, तर चिंचोळ्या अंगावर. पत्त्याच्या पानावर फुंकर घातली तर ते सपाट बाजूवर आडवे होईल, हे कोणीही सांगेल. म्हणूनच लांबीच्या दिशेची कोणाला काळजी वाटली नव्हती. पण उंच मनोरा एकदा कलला की त्याचे स्वतःचे वजनच त्याला आणखी कलवू लागते, आणि त्या दिशेने हा सांगाडा पुरेसा ताठ नव्हता. त्यावर उपाय म्हणून इमारतीच्या गाभ्यात सुमारे १,५०० टन पोलादाचे तिरपे आधार बसवले गेले.

ठरल्यापेक्षा पाच वर्षे उशिरा, १९७६ मध्ये मनोरा खुला झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी वास्तुकारांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला सन्मान दिला. काचांवरून झालेल्या दाव्यांच्या समझोत्यात सर्व पक्षांनी गप्प राहण्याचे मान्य केल्यामुळे, काचा झुलण्यानेच फुटल्या ही समजूत शहरात पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली.