ॲक्रिलिक शीट कापणे

पॉलिमिथिल मेथाक्रिलेट या पारदर्शक, कडक व काहीशा ठिसूळ प्लॅस्टिकचा पत्रा चर पाडून मोडणे, करवतीने कापणे किंवा लेसरने छेदणे. दुकानांच्या पाट्या, मत्स्यपेट्या, फोटोफ्रेम यांसाठी हा पत्रा वापरतात.

या पत्र्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. जर्मन रसायनज्ञ ओटो रोम यांचा ॲक्रिलिक अम्लाच्या बहुवारिकांवरील (पॉलिमरांवरील) प्रबंध १९०१ चा. मेथाक्रिलेटचा पत्रा मात्र जर्मनीतील डार्मश्टाट येथील त्यांच्या कंपनीत सु. १९३० नंतर आकाराला आला. त्याच सुमारास कॅनडात मॅकगिल विद्यापीठात विल्यम चामर्स आणि ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीत रोलँड हिल व जॉन क्रॉफर्ड याच पदार्थावर काम करीत होते. रोम यांच्या पत्र्याचे ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव १९३३ मध्ये नोंदले गेले, आयसीआयचे ‘पर्सपेक्स’ त्यानंतर लवकरच. बहुवारिकाच्या शोधाचे श्रेय सर्वांत वाटून देणे योग्य असले, तरी पत्र्याच्या उत्पादनाचा पहिला मान रोम यांच्याकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात, क्रॉफर्ड यांनी घटकद्रव्य स्वस्तात बनविण्याची कृती दिली नसती, तर त्याचा प्रसार इतका झाला नसता.

काचेच्या दोन तावदानांमध्ये द्रव घटकद्रव्य ओतून घट्ट करण्याच्या पद्धतीने आजही ओतीव पत्रा बनतो. साच्यातून दाबून काढलेला एक्स्ट्रूडेड पत्रा स्वस्त व जाडीला एकसारखा असतो, पण कापताना लवकर मऊ होतो. अवजाराची निवड करताना हा भेद पाहावाच लागतो. ॲक्रिलिक सु. १०५° से.ला मऊ पडते आणि त्याची उष्णतावाहकता काचेच्या साधारण एक पंचमांश असते. त्यामुळे घर्षणाची उष्णता पात्यापाशीच साठते, भुसा वितळून कापलेली फट मागे पुन्हा चिकटते. उलट पत्रा थरथरला तर तडकतो.

सुमारे ३ मिमी.पर्यंतच्या पत्र्याला सरळ कापासाठी ॲक्रिलिक कटर (आकडीसारख्या पात्याची चर पाडणारी सुरी) पुरतो. पोलादी पट्टीच्या आधाराने तो आपल्याकडे अनेकदा ओढून जाडीच्या तृतीयांशापर्यंत चर पाडावा. मग चर वर ठेवून टेबलाच्या कडेवर पत्रा एका दाबात मोडावा. वळणदार आकार या पद्धतीने निघत नाहीत. त्यासाठी बारीक दातांचे पाते लावलेली जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेवरची करवत) कमी वेगाने चालवितात. पत्रा कापाच्या अगदी जवळ क्लॅम्पने घट्ट धरणे आणि संरक्षक कागद न काढणे आवश्यक असते. लोखंड कापण्याच्या हॅक्सॉनेही लहान तुकडे निघतात, मात्र वेळ लागतो. छिद्र पाडताना खाली लाकडाचा तुकडा ठेवावा. धातूसाठीचे धारदार ड्रिल आरपार निघताना पत्र्यात रुतून तो फोडते.

कार्बन डायऑक्साइड लेसरच्या १०.६ मायक्रोमीटर लांबीच्या तरंगांना ॲक्रिलिक चांगले शोषते व कड काचेसारखी चकचकीत मिळते. घरगुती वापराचे निळे डायोड लेसर पारदर्शक पत्र्यातून निघून जातात, म्हणून त्यांनी तो कापत नाही. काळा किंवा इतर गडद पत्रा पातळ असल्यास कापता येतो. लेसरने कापलेल्या कडेत ताण राहतो. ती स्पिरिटने पुसल्यास बारीक भेगांचे जाळे उमटते, त्यामुळे साबणाचे कोमट पाणी वापरावे. पीव्हीसीचा पत्रा ॲक्रिलिक समजून लेसरखाली ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

करवतीने कापलेली कड कानशीने सपाट करून पाण्याच्या पॉलिशपेपरने घासतात. तुकडे जोडण्यासाठी महाराष्ट्रातील पाटी-कारागीर पुष्कळदा क्लोरोफॉर्म वापरतात; ते हवेशीर जागेतच हाताळावे.